मुलांची ॲलर्जी आणि तिच्यामागच्या पेशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाला सारख्या शिंका येतात, अंगावर पुरळ उठतं. त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे का?

बहुतेक वेळा नाही. तरीही ‘डॉक्टर, इम्युनिटी वाढवणारं एखादं सिरप द्या’ ही मागणी दवाखान्यात रोज होते. ॲलर्जीत प्रतिकारशक्ती दुबळी नसते, ती भलत्याच गोष्टीवर तुटून पडत असते. दूध, अंडं, परागकण, गादीतल्या धुळीतले सूक्ष्म किडे यांच्यापासून शरीराला काही धोका नाही. पण पोटातले जंत आणि कातडीला चिकटणाऱ्या गोचिडांसारखे परजीवी यांच्याशी लढणारी यंत्रणा या निरुपद्रवी प्रथिनांवर चालून जाते.

प्रतिकारशक्ती खरोखर कमी असलेलं मूल वेगळं दिसतं. त्याला पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो, कान फुटत राहतो, तोंडात बुरशी येते, वजन वाढत नाही. तसं असेल तर तपासण्याही वेगळ्या कराव्या लागतात. नुसत्या शिंका आणि खाज असेल तर ‘बूस्टर’वर पैसे घालवू नका.

यात नेमक्या कोणत्या पेशी असतात?

क्रमाने सांगायचं तर आधी डेंड्रायटिक पेशी. त्या कातडीत, नाकात, आतड्यात पसरलेल्या असतात आणि बाहेरून आलेल्या प्रथिनाचा तुकडा उचलून जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात. तिथे टी पेशी ठरवतात की याच्याशी कसं वागायचं. ॲलर्जीकडे झुकणाऱ्या टी पेशींना टीएच-२ म्हणतात. टिम मॉसमन आणि रॉबर्ट कॉफमन यांनी १९८६ मध्ये उंदरांच्या टी पेशींचे टीएच-१ आणि टीएच-२ असे दोन गट दाखवले, तिथून ही भाषा रूढ झाली. टीएच-२ पेशींच्या सांगण्यावरून बी पेशी आयजीई नावाचं प्रतिद्रव्य (अँटिबॉडी) बनवतात. ते मास्ट पेशी आणि बेसोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी यांच्यावर जाऊन बसतं. इओसिनोफिल या आणखी एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी नंतर येतात. आणि हे सगळं आवरायला नियामक टी पेशी असतात, ज्यांच्याबद्दल पालक जवळपास कधीच विचारत नाहीत.

मास्ट पेशी रक्ताच्या रिपोर्टमध्ये का दिसत नाहीत?

कारण पूर्ण वाढ झालेल्या मास्ट पेशी रक्तात फिरत नाहीत. त्या कातडी, नाक, श्वासनलिका आणि आतड्यांत, बारीक रक्तवाहिन्या आणि नसांच्या आजूबाजूला ठाण मांडून असतात. पाउल एर्लिख यांनी १८७८ मध्ये, डॉक्टर होण्यासाठी लिहिलेल्या प्रबंधात, रंगद्रव्यं वापरून त्या पहिल्यांदा वेगळ्या ओळखल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी इओसिनोफिलचंही वर्णन केलं. ॲलर्जीत या पेशी काय करतात हे कळायला मात्र पुढची बरीच दशकं जावी लागली.

मास्ट पेशीच्या पोटात हिस्टामीन आणि ट्रिप्टेज भरलेले शेकडो कण असतात. इशारा मिळाला की काही मिनिटांत ते बाहेर फेकले जातात. मग रक्तवाहिन्या पाझरतात, कातडी फुगते, खाज सुटते, नाक वाहतं. त्यापाठोपाठ पेशी ल्युकोट्राइन नावाची द्रव्यं नव्याने तयार करते. त्यांनी श्वासनलिका आवळतात.

आयजीई म्हणजे काय, आणि ते कसं सापडलं?

रक्तातल्या पाच प्रकारच्या प्रतिद्रव्यांपैकी सगळ्यात कमी प्रमाणात असणारं हे प्रतिद्रव्य. इतकं कमी की ते बरीच वर्षं कोणाच्या हाती लागलं नाही. पण रक्तात ‘काहीतरी’ आहे हे १९२१ मध्येच कळलं होतं. ब्रेसलाउ शहरात हाइंत्स क्युस्टनर या डॉक्टरांना मासे सोसत नसत. त्यांच्या रक्ताचा निवळ त्यांचे सहकारी कार्ल प्राउसनित्स यांनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. प्राउसनित्स यांना माशाची ॲलर्जी नव्हती, तरी तिथे गांधी उठली. म्हणजे ॲलर्जी निवळातून एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेली. आज कोणतीही नीतिसमिती अशा प्रयोगाला परवानगी देणार नाही. दुसऱ्याचं रक्त असं टोचण्यात काविळीसारखे आजार पसरण्याचा धोकाच फार.

ते ‘काहीतरी’ १९६६–६७ मध्ये सापडलं. डेन्व्हरच्या दमेकरी मुलांसाठीच्या संस्थेत काम करणारं जपानी जोडपं किमिशिगे आणि तेरुको इशिझाका यांनी ते वेगळं केलं. त्याच सुमाराला स्वीडनच्या उप्साला शहरात योहान्सन आणि बेनिक हे मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या रक्तातून त्याच जागी पोचले. १९६८ मध्ये त्याला आयजीई हे नाव मिळालं.

त्याची खोड अशी की रक्तात ते दोनेक दिवसच टिकतं, पण मास्ट पेशीवर जाऊन बसलं की आठवडेच्या आठवडे हलत नाही. रक्तात आयजीई कमी आणि ॲलर्जी मात्र जोरदार, असं काही मुलांत दिसतं त्याचं एक कारण हे.

पहिल्यांदा अंडं खाल्लं तेव्हा काहीच झालं नव्हतं. दुसऱ्यांदा एकदम तोंड सुजलं. असं कसं?

पहिल्या भेटीत पेशी तयारी करतात, त्रास देत नाहीत. बी पेशींनी आयजीई बनवून ते मास्ट पेशींवर चढायला दिवस-आठवडे लागतात. पुढच्या वेळी तेच प्रथिन आलं की शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम धरतं, आणि मास्ट पेशीला तेवढं पुरतं. ‘पहिल्यांदाच दिलं आणि लगेच उठलं’ असं सांगणारे पालकही खोटं बोलत नसतात. पहिली भेट बहुतेकदा नकळत झालेली असते. खाज येणाऱ्या, फुटलेल्या कातडीतून किंवा आईच्या दुधातून.

सीबीसीमध्ये इओसिनोफिल ८ टक्के आले आहेत. म्हणजे ॲलर्जी आहे ना?

हा प्रश्न इतक्या वेळा येतो की त्याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं.

आधी टक्केवारी बाजूला ठेवा आणि खरा आकडा काढा. पांढऱ्या पेशी ९,००० आणि इओसिनोफिल ८ टक्के, म्हणजे एका मायक्रोलिटर रक्तात ७२० इओसिनोफिल. ढोबळमानाने ५०० पर्यंत ठीक मानतात, त्यामुळे हे थोडं वाढलेलं आहे. पण पांढऱ्या पेशी ५,५०० असतील तर त्याच ८ टक्क्यांचे ४४० होतात आणि काळजीचं काही उरत नाही. रिपोर्टवर ठळक अक्षरात छापलेली टक्केवारी पाहून मुलाचं दही, केळी, बोरं बंद करणारी घरं भरपूर आहेत.

दुसरं म्हणजे, वाढले असले तरी कारण ॲलर्जीच असेल असं नाही. आपल्याकडे पहिला संशय जंतांवर घ्यायला हवा. आतड्याच्या भिंतीतून आणि फुप्फुसातून प्रवास करणारे जंत इओसिनोफिल भरमसाट वाढवतात. काही औषधांनीही ते वाढतात. पूर्व विदर्भासारख्या हत्तीरोगाच्या पट्ट्यात आणखी एक आजार लक्षात ठेवावा लागतो. त्यात रात्री खोकल्याची ढास लागते, धाप लागते, आणि इओसिनोफिल ३,००० च्याही वर जातात. त्याला ट्रॉपिकल इओसिनोफिलिया म्हणतात. दमा समजून पंपावर ठेवलेल्या अशा रुग्णाला खरी गरज असते ती डायइथिलकार्बामाझिन या हत्तीरोगाच्या औषधाची.

तिसरं, आकडा नॉर्मल असला म्हणून ॲलर्जी नाही असंही ठरत नाही. इओसिनोफिलचं काम रक्तात नसतं. ते नाकाच्या अस्तरात, श्वासनलिकेत, अन्ननलिकेत जाऊन बसतात, रक्त ही त्यांची नुसती वाट. शिवाय आदल्या दिवशी स्टेरॉइडचा डोस झाला असेल तर आकडा घसरलेला दिसतो.

मग ते नक्की करतात काय?

मास्ट पेशींचा धडाका मिनिटांत होऊन जातो, आणि वरातीमागून घोडं यावं तसे इओसिनोफिल चार ते आठ तासांनी येऊन पोचतात. फरक इतकाच की खरं नुकसान हे घोडंच करतं. इओसिनोफिलच्या कणांतली प्रथिनं जंताची कातडी जाळण्याइतकी जहाल असतात आणि श्वासनलिकेचं अस्तरही त्यांच्या तडाख्यातून सुटत नाही. संध्याकाळी धुळीत खेळलेलं मूल रात्री दोन वाजता खोकत उठतं, त्यामागे बऱ्याचदा हा उशिरा येणारा टप्पा असतो. दम्याच्या बेडक्यात सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे टोकदार स्फटिकही इओसिनोफिलमधल्याच एका प्रथिनाचे असतात.

एकूण आयजीई ९०० आहे. खूप आहे का?

जास्त आहे, पण त्यावरून फारसं काही कळत नाही. जंत, इसब, ॲलर्जी, कशानेही ते वाढतं. एकट्या या आकड्यावर मुलाचा आहार बदलू नका.

बाळाला इसब आहे. पुढे दमा होणार का?

प्रत्येकाला होत नाही, पण शक्यता इतर मुलांपेक्षा जास्त असते. आधी इसब, मग अन्नाची ॲलर्जी, मग नाक आणि दमा अशी साखळी काही मुलांत दिसते. तिचं मूळ कातडीत आहे असं आता बऱ्याच संशोधकांना वाटतं. कातडीचा बाहेरचा थर घट्ट बांधणारं फिलॅग्रिन नावाचं प्रथिन काही मुलांत जन्मतःच कमी असतं. त्याच्या जनुकातल्या बिघाडाचा आणि इसबाचा संबंध २००६ मध्ये दाखवला गेला. कातडी फाटली की तिच्या पेशी आयएल-३३ आणि टीएसएलपी यांसारखे धोक्याचे इशारे सोडतात. ते ऐकून आयएलसी-२ नावाच्या पेशी जाग्या होतात. २०१० च्या सुमारास ओळख पटलेल्या या पेशी कोणत्याही प्रतिद्रव्याची वाट न पाहता ॲलर्जीचं वातावरण तयार करून ठेवतात. त्यात फुटलेल्या कातडीतून अन्नाची धूळ आत गेली, की शरीर त्या अन्नाची ओळख शत्रू म्हणून करून घेतं.

तेच अन्न तोंडावाटे लवकर गेलं तर उलटं होतं. लंडनमध्ये गिडियन लॅक यांच्या गटाने ४ ते ११ महिन्यांच्या ६४० बाळांवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. या बाळांना तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी होती. निम्म्यांना नियमित शेंगदाण्याचे पदार्थ दिले, निम्म्यांना पाच वर्षांचे होईपर्यंत अजिबात नाही. सुरुवातीला शेंगदाण्याची त्वचाचाचणी निगेटिव्ह असलेल्या बाळांपैकी शेंगदाणा टाळणाऱ्या गटात १३.७ टक्के मुलांना त्याची ॲलर्जी झाली, खाणाऱ्या गटात १.९ टक्के मुलांना. ‘वर्षाचं होईपर्यंत नको’ हा सल्ला तेव्हापासून मागे पडला. आपल्या घरात दाण्याचं कूट असतंच. ते अगदी बारीक वाटून, पातळ पेजेत किंवा खिमटात मिसळून सहा महिन्यांनंतर देता येतं. आख्खा दाणा मात्र लहान मुलाच्या हाती देऊ नका, तो श्वासनलिकेत अडकतो. बाळाला तीव्र इसब असेल तर सुरुवात डॉक्टरांना विचारून करा.

सगळ्या ॲलर्जी आयजीईमुळेच होतात का?

नाही, आणि हे माहीत नसलं की तपासण्यांवर फुकट खर्च होतो. काही तान्ह्या बाळांना गाईच्या दुधातल्या प्रथिनांमुळे शीतून रक्ताचे धागे जातात. एका वेगळ्या प्रकारात दूध किंवा तांदूळ दिल्यावर दोनेक तासांनी इतक्या उलट्या होतात की बाळ पांढरंफटक पडतं. या दोन्हींत आयजीईची चाचणी बहुधा निगेटिव्ह येते.

टी पेशी थेट काम करतात तेव्हा सगळंच सावकाश होतं. क्षयासाठीची माँटू चाचणी ४८ ते ७२ तासांनी का वाचतात? कारण तिथे टी पेशी गोळा व्हायला तेवढा वेळ लागतो. ‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ मध्ये वापरात आणणारे व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीच पुढच्या वर्षी क्षयाची त्वचाचाचणी मांडली, हे जाता जाता.

गाजरगवताचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. १९५० च्या दशकात पुण्यात आढळलेलं हे तण पुढे देशभर पसरलं. बांधावर काम करणाऱ्यांच्या मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या लवणीत त्याने जो चट्टा उठतो तो टी पेशींचा उद्योग असतो. त्यासाठी टोचून बघायची चाचणी उपयोगी नाही. पाठीवर पट्टी लावून दोन दिवस ठेवावी लागते.

टोचून बघायची चाचणी म्हणजे काय? मुलाला दुखेल का?

मुलाचा हात टेबलावर पालथा नाही, उताणा ठेवतात. मनगटापासून कोपरापर्यंत पेनाने आकडे घालतात आणि प्रत्येक आकड्याशेजारी एका अर्काचा थेंब. एक थेंब नुसत्या मिठाच्या पाण्याचा, एक हिस्टामीनचा. मग छोट्या टोकाने थेंबातून कातडी जराशी टोचतात. रक्त येत नाही, येऊ नये. पंधरा-वीस मिनिटांत हिस्टामीनच्या जागी डास चावल्यासारखी गांधी उठते. आणखी कुठे मिठाच्या पाण्यापेक्षा किमान ३ मिलिमीटर मोठी गांधी उठली, तर तिथल्या मास्ट पेशींवर त्या पदार्थाचं आयजीई बसलेलं आहे. मास्ट पेशी काम करताना डोळ्यांनी दिसण्याची ही एकमेव सोपी जागा, आणि मुलं खाज विसरून बघत बसतात. चाचणीआधी पाच-सात दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. नाहीतर हिस्टामीनचीही गांधी उठत नाही आणि चाचणी वाया जाते.

रक्ताच्या पॅनेलमध्ये १४ पदार्थ पॉझिटिव्ह आले. सगळे बंद करायचे?

नाही. पॉझिटिव्ह म्हणजे आयजीई आहे, एवढंच. कर्नाटकातल्या शाळकरी मुलांच्या पाहणीत जवळपास पाचातल्या एकाच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाचं आयजीई सापडलं, पण अन्नाची ॲलर्जी असण्याची दाट शक्यता असलेली मुलं एक टक्क्याच्याही खूप खाली होती. मूल जो पदार्थ आजवर आनंदाने खात आलं आहे, तो कागद पाहून बंद करू नका. त्याने त्याची वाढ खुंटते. काही वेळा तर सोसत असलेला पदार्थ दीर्घकाळ बंद ठेवल्याने खरी ॲलर्जी उभी राहते. केस पाठवून किंवा आयजीजी हे दुसऱ्याच प्रकारचं प्रतिद्रव्य मोजून अन्नाची ॲलर्जी सांगणाऱ्या चाचण्यांना शास्त्रीय आधार नाही.

रोजची औषधं कोणत्या पेशीवर काम करतात?

सेट्रिझिनसारखी औषधं मास्ट पेशीला थांबवत नाहीत. हिस्टामीन जिथे जाऊन बसतं ती जागा ती आधीच अडवतात, म्हणून खाज आणि शिंका थांबतात. दम्यात त्यांचा उपयोग जवळपास नाही. स्टेरॉइडचा पंप श्वासनलिकेतले इओसिनोफिल आणि टीएच-२ पेशींचे निरोप कमी करतो, पण त्याला दिवस-आठवडे लागतात. दोन दिवस घेऊन ‘काही फरक नाही’ म्हणणं घाईचं आहे.

मॉन्टेलुकास्ट ल्युकोट्राइनची जागा अडवतं. सेट्रिझिनच्या भावंडाबरोबर (लेव्होसेट्रिझिन) त्याचं सिरप आपल्याकडे साध्या सर्दीलाही सर्रास दिलं जातं, आणि ते मला पटत नाही. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. भयानक स्वप्नं, चिडचिड, मनःस्थितीतले बदल, क्वचित आत्महत्येचे विचार. हे सिरप चालू असताना मूल रात्री किंचाळत उठू लागलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा.

पंपाची सवय लागते का?

नाही. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून नीट दिलेल्या पंपात औषध अगदी थोडं असतं आणि ते हवं तिथेच पोचतं.

जीवघेणी ॲलर्जी कशी ओळखायची?

अंगभर मास्ट पेशी आणि बेसोफिल एकाच वेळी फुटतात तेव्हा ती होते. तिची लक्षणं अशी. खाल्ल्यावर किंवा मधमाशी चावल्यावर काही मिनिटांत अंगावर गांधी आणि त्याबरोबर घरघर, आवाज बसणं, सारख्या उलट्या, गळून जाणं, यातलं काहीही. अशा वेळी पहिलं औषध ॲड्रिनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. प्रमाण वजनाच्या किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १५ किलोच्या मुलाला १:१००० चं ०.१५ मिली. ते पाझरणाऱ्या रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका मोकळी करतं आणि मास्ट पेशींनाही आवरतं. एव्हिल किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन यातलं काहीच वेळेत करत नाही. मुलाला आडवं ठेवा, उठवून चालवू नका. धाप असेल तर बसू द्या. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यात थांबा, कारण त्रास पुन्हा उलटू शकतो.

गोठ्यात, मातीत वाढलेल्या मुलांना ॲलर्जी होत नाही म्हणतात. खरं का?

कमी होते, हे बऱ्याच ठिकाणी दिसलं आहे. अमेरिकेतल्या अमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांचा २०१६ मधला अभ्यास यात सगळ्यात बोलका. दोघांचे पूर्वज युरोपातले, खाणंपिणंही सारखं. अमिश लोक घराजवळच्या गोठ्यात हाताने आणि घोड्यांच्या मदतीने काम करतात, हटराइटांची शेती मोठी आणि यंत्रांची, आणि मुलं गोठ्यापासून लांब. अमिश मुलांत दमा कित्येक पटींनी कमी होता. त्यांच्या घरच्या धुळीत जिवाणूंचे अंश जवळपास सात पट जास्त होते आणि मुलांच्या रक्तातल्या पेशींचा तोलही वेगळा होता. यावरून शहरातल्या दमेकरी मुलाला सुट्टीत गावी गोठा झाडायला लावू नका. ही जडणघडण अगदी लहानपणापासून होते, आणि आधीच दमा असेल तर तीच धूळ त्याला सोसणार नाही.

नियामक टी पेशी म्हणजे कोण?

बाकीच्या पेशींना ‘पुरे आता’ म्हणणाऱ्या. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवल्या. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्या कामातून फॉक्सपी-३ हे जनुक पुढे आलं आणि २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. हे जनुक बिघडलेल्या मुलग्यांना अगदी तान्हेपणीच तीव्र इसब, जुलाब आणि मधुमेह होतो, आयजीई गगनाला भिडतं. अर्थात असे आजार अतिशय दुर्मीळ.

धुळीतल्या किड्यांच्या किंवा परागकणांच्या ॲलर्जीसाठी तीन ते पाच वर्षं चालणारी लस किंवा जिभेखालचे थेंब याच पेशींना बळ देतात. लिओनार्ड नून यांनी लंडनमध्ये १९११ साली गवताच्या परागकणांवर हा उपाय केला होता. नेमकी ॲलर्जी सिद्ध झाली असेल तरच तो करावा. पंधरा-वीस पदार्थ एकाच बाटलीत मिसळून दिलेल्या लशीवर माझा विश्वास नाही.

मोठं झाल्यावर ही ॲलर्जी आपोआप जाते का?

दूध आणि अंड्याची बहुतेकांची जाते, शेंगदाण्याची साधारण पाचातल्या एकाची. काहींचीच का जात नाही याचा एक धागा २०२४ मध्ये हाती आला. आयजीई बनवणाऱ्या पेशी बहुतेक अल्पायुषी असतात, मग ॲलर्जी वर्षानुवर्षं टिकते कशी? दोन संशोधन गटांनी ॲलर्जी असलेल्यांत एका खास प्रकारच्या स्मृती बी पेशी दाखवल्या. एरवी त्या आयजीजी बाळगून गप्प असतात आणि तोच पदार्थ पुन्हा भेटला की आयजीई बनवण्याकडे वळतात. म्हणून दूध-अंड्याची चाचणी एकदाच करून कायमचा शिक्का मारू नये. वर्ष-दीड वर्षाने पुन्हा तपासावं, आणि घरी चोरून चाखवण्याऐवजी डॉक्टरांसमोर थोडं थोडं खाऊन पाहावं.

नवी इंजेक्शनं आली आहेत असं ऐकलं. ती मुलांना चालतात का?

काही चालतात. ओमालिझुमॅब रक्तातलं मोकळं आयजीई पकडतं, त्यामुळे मास्ट पेशींवर नवं आयजीई चढत नाही. २००३ मध्ये दम्यासाठी आलेल्या या औषधाला अमेरिकेत २०२४ मध्ये एक वर्षावरच्या मुलांच्या अन्नाच्या ॲलर्जीसाठीही परवानगी मिळाली. ड्युपिलुमॅब आयएल-४ आणि आयएल-१३ हे टीएच-२ पेशींचे दोन्ही निरोप एकाच दारावर अडवतं. तीव्र इसबासाठी ते तिथे २०२२ पासून सहा महिन्यांच्या बाळालाही देतात. मेपोलिझुमॅब इओसिनोफिलना लागणारं आयएल-५ अडवतं आणि सहा वर्षांवरच्या तीव्र दम्यात वापरतात. तिन्ही महाग आहेत, दर काही आठवड्यांनी टोचावी लागतात, आणि थांबवल्यावर त्रास परत येऊ शकतो. पंप नीट ओढता न आल्यामुळे ज्याचा दमा आटोक्यात नाही अशा मुलाला त्यांची गरज नसते. आधी स्पेसर आणि पंप घेऊन या आणि मुलाला समोर ओढून दाखवायला सांगा.